पाण्याला कुंपण हवेच

अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या गृहसंकुलांच्या जाहिरातींत हल्ली स्विमिंग पूल हमखास दिसतो. बदलापूरकडे सुटीसाठी भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांतही तो असतो. पण त्याच्या भोवती कुंपण आहे का, हे फारसे कोणी विचारत नाही.

लहान मूल बुडते ते आवाज न करता. सिनेमातल्यासारखे ते हात हलवून ओरडत नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड, त्यामुळे वाकले की तोल जातो. प्राणवायू तुटला की चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. आई कितीही दक्ष असली तरी तिला दार उघडायला उठावेच लागते. म्हणून ‘आम्ही लक्ष ठेवतो’, ‘वॉचमन आहे’ ही उत्तरे मला पटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती.

फ्रान्सने २००३ साली कायदा करून खासगी तलावांना सुरक्षेची साधने सक्तीची केली. ऑस्ट्रेलियात तर घरगुती तलावाला कुंपण लागतेच. कुंपण निदान चार फूट उंच असावे. गज उभे असावेत, आडवे नकोत, नाहीतर मुले त्यांची शिडी करतात. दोन गजांत चार इंचांपेक्षा कमी फट असावी. फाटक आपोआप मिटणारे, बाहेर उघडणारे आणि कडी मुलाच्या हाताबाहेर हवी. कुंपण चारही बाजूंनी हवे. एका बाजूला घराची भिंत धरली, तर घरातले दारच पाण्याकडे उघडते.

‘आमच्याकडे कुठला पूल?’ असे म्हणणाऱ्यांनी आपल्या चाळीची जमिनीखालची टाकी बघून यावी. पाण्याची ओढाताण असलेल्या उल्हासनगरात टाक्या आणि पिंपे यांना तोटा नाही. मार्च २०२४ मध्ये वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात पाण्याच्या टाकीत पडून चार-पाच वर्षांचे दोन भाऊ गेले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. टाकीला जड, कुलूपबंद झाकण आणि पिंपाला घट्ट झाकण, एवढाच खर्च आहे.

कुंपण पाहिल्याशिवाय पालिकांनी पूल असलेल्या इमारतीला भोगवटा दाखला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेशद्वाराच्या संगमरवराला पैसे पुरतात, तर जाळीलाही पुरतील.

आणि दुर्दैवाने मूल बुडालेच, तर त्याला उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास थांबला असेल तर लगेच तोंडाने दोन श्वास द्या, मग छातीच्या मध्यभागी तीस दाब, पुन्हा दोन श्वास. दुसऱ्या कोणाला तरी १०८ क्रमांक फिरवायला सांगा. मूल शुद्धीवर आले तरी रुग्णालयात न्याच; फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.