२०५० मध्ये तुमच्या घरात एसी असेल का? हवामान आराखड्यातलं कमाईचं कोडं

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. लक्ष्य आहे २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन. पण उकाडा वाढला की कोण एसी लावणार आणि कोण तापलेल्या पत्र्याखाली रात्र काढणार, हे ठरतं घरच्या कमाईवर. मग २०५० ची कमाई आज कशी काढायची?

जगभरातले संशोधक ‘एसएसपी’ नावाची पाच भविष्यचित्रं वापरतात. त्यातले आकडे मुळात देशपातळीवरचे. ते वस्तीपर्यंत उतरवायला लोकसंख्या आणि उपग्रहातून दिसणारे रात्रीचे दिवे यांसारख्या खुणांचा आधार घेतात. कारण आपली जनगणना टीव्ही, दुचाकी, मोबाईल आहे का ते विचारते. उत्पन्न विचारत नाही.

आता गंमत बघा. समजा, एका घराची कमाई महिना २०,००० रुपये. महागाई बाजूला ठेवून वर्षाला ६ टक्के वाढ धरली, तर २५ वर्षांनी साधारण ८६,००० होतात. ३ टक्के धरली, तर जेमतेम ४२,०००. फरक फक्त एका गृहीतकाचा!

माझ्या मते खरी चूक होते ती सगळ्या शहराला एकच दर लावताना. डिलिव्हरीवाल्याचा किंवा नाक्यावरच्या बिगाऱ्याचा रोजगार उन्हातच बुडतो. म्हणजे ज्याला थंडाव्याची गरज जास्त, त्याचीच कमाई उष्णता खाते. सरासरीत हे दिसतच नाही.

म्हणून २०५० चा आकडा दिसला की आधी विचारा: हा नेमका कुणाच्या घरचा?