आधी जमीन मोकळी करा

वन आरकेची किल्ली हाती आली की पहिली खरेदी बहुधा ठरलेली असते: डबल बेड. सहा बाय सव्वासहा फुटांचा पलंग साडेसदतीस चौरस फूट जागा अडवतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पूर्वी 225 चौरस फुटांचं घर मिळायचं. त्या हिशेबाने घराचा सहावा हिस्सा एकट्या पलंगाने गिळला. तेही रात्रीच्या झोपेपुरतं. दिवसभर मुलांनी अभ्यास कुठे करायचा, पाहुण्यांनी बसायचं कुठे, हे पलंगच ठरवतो.

लहान घर देखणं दिसतं ते मोकळ्या जमिनीमुळे. पडदे, उशा, रंग हे सगळं त्यानंतरचं.

मुंबईला हे नव्याने शिकवायची गरज नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी 1920च्या दशकात उभ्या राहिल्या. खोली 160 चौरस फुटांची आणि तिच्यात अख्खं कुटुंब. अशा खोलीत भिंती कामाला लावलेल्या असत. दारामागे खुंट्या, मोरीच्या डोक्यावर पोटमाळा, हात जेमतेम पोचेल एवढ्या उंचीवर भिंतभर फळी आणि तिच्यावर चिंचेने घासलेले पितळी डबे, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. मांडणीत ताटं उभी, खाली पातेली एकात एक. खाटेखाली ट्रंका. सकाळी वळकट्या गुंडाळल्या की त्याच जमिनीवर पाटावर पानं वाढली जायची आणि दुपारी तिथेच शिलाईचं काम पसरायचं. खोलीला शोभा होती ती या शिस्तीची.

त्या दिवसांचे गोडवे मात्र कुणी गाऊ नयेत. संडास सामाईक, आणि कपडे बदलायला बाईमाणसाला आडोसा म्हणजे दोरीवरची साडी. घ्यायची आहे ती फक्त जागा वापरायची अक्कल.

हाँगकाँगचे वास्तुरचनाकार गॅरी चँग यांनी तीच अक्कल आधुनिक साधनांनी वापरली. आई-वडील आणि तीन बहिणींसह ते ज्या घरात वाढले, ते जेमतेम 32 चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे 344 चौरस फुटांचं. पुढे त्याच घरात त्यांनी छताला रूळ लावून भिंतीच सरकत्या केल्या. टीव्हीची भिंत सरकवली की मागे स्वयंपाकघर, दुसरी सरकवली की न्हाणीघर, भिंतीतून पलंग खाली. एका खोलीची चोवीस रूपं! तेवढा खर्च सर्वांना झेपणार नाही. पण भिंतीत दुमडणारं टेबल किंवा सोफा-कम-बेड नाक्यावरचा सुतारही करून देतो.

कपाटाला उघडणारी दारं लावली तर समोर दीड-दोन फूट जागा सोडावी लागते, सरकती लावली तर ती वाचते. कपाट थेट छताला भिडवावं. वरच्या कप्प्यात गणपतीची आरास आणि जास्तीच्या गाद्या जातात, आणि धूळ साचायला जागाच उरत नाही. पावसाची झड ज्या भिंतीवर येते तिला मात्र प्लायवूड चिकटवू नये. ओल धरते, बुरशी येते आणि हौसेने केलेलं फर्निचर दोन-चार पावसाळ्यांत फुगतं. दिव्यांचंही तसंच. छताला एकच पांढरी ट्यूब लावली की खोली दवाखान्यासारखी दिसते. ओट्यावर एक, वाचायच्या कोपऱ्यात एक, असे दोन-तीन पिवळसर दिवे लावले की त्याच खोलीचे वेगवेगळे भाग होतात.

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025मध्ये 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 वरून 500 ही मोठीच झेप आहे. पण घर तिप्पट झालं म्हणून फर्निचरही तिप्पट आणलं, तर वावरायला जागा पूर्वीएवढीच उरेल. म्हाडाने आणि खासगी बिल्डरांनी किल्लीसोबत प्रत्येक भिंतीचं माप लिहिलेला नकाशा द्यावा, आणि मोरीवरचा माळा बांधकामातच काढून द्यावा. आज ज्याला त्याला तो स्वतःच्या खर्चाने, भिंत फोडून करून घ्यावा लागतो.