पाणीही घाटावरून, भाजीही घाटावरूनच

कोयनेचे अवजल मुंबईला न्यायचे की कोकणातच वापरायचे, ही चर्चा बरीच वर्षे चालू आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला परवानगी दिलेले ६७.५ टीएमसी पाणी पोफळीला वीज करून कोळकेवाडीच्या धरणात येते, तिथे पुन्हा वीज करून वाशिष्ठीला मिळते. अलोरे या वाटेवरचेच गाव. पण चिपळूणच्या बाजारातली बरीचशी भाजी कुंभार्ली घाट उतरून कऱ्हाडकडून येते. पावसाळ्यात दरड पडून घाट बंद झाला की पहिली गायब होते ती पालेभाजी.

अवजलाचा निर्णय व्हायचा तेव्हा होईल. नदीवर पंप बसवायचा तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि वरच्या वाड्यांना त्या पाण्याचा तसाही उपयोग नाही. म्हणून हिशेब विहिरीच्या किंवा पऱ्याच्या पाण्यावर, एका गुंठ्याचा करू.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाजी हवी. त्यात १०० ग्रॅम पालेभाजी धरली, तर पाच माणसांच्या घराला आठवड्याला साडेतीन किलो पाला लागतो. लाल माठाचे उत्पादन हेक्टरी १० टन धरले, तर गुंठ्याला १०० किलो होतात. गुंठ्याचे चार वाफे करा, दर आठवड्याला एक पेरा. बी एका वाफ्याला पाच ग्रॅम पुरते. बारीक असते, वाळूत मिसळून फेका. पीक महिन्याभरात काढणीला येते. म्हणजे आठवड्याला २५ किलो, त्यातले वीसेक किलो विकायला. सगळा गुंठा एकदम पेरलात तर शंभर किलो माठ एकाच आठवड्यात विकावा लागेल, आणि तिथेच भाव पडतो.

टोमॅटो-कोबीत घाटाशी स्पर्धा करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. ती भाजी प्रवास सोसते, त्यांचे क्षेत्र मोठे, खर्च कमी. पाला प्रवास सोसत नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात २००४ मध्ये झालेल्या अभ्यासात पालकातले फोलेट २० अंश सेल्सिअसला चार दिवसांत जवळपास निम्मे झाले. ४ अंशाच्या थंडाव्यात त्याला आठ दिवस लागले. आपल्या बाजारातली जुडी तर टोपलीत, उन्हात असते. गरोदर बाईला फोलेट विशेष लागते, हे आशाताईंच्या गोळ्यांमुळे घरोघरी माहीत आहे. पहाटे काढून आठ वाजता चिपळुणात पोचलेली जुडी हाच तुमचा माल. ताजी आहे एवढे सांगून थांबू नका, कधी काढली तेही गिऱ्हाइकाला सांगा. फवारणी केली असेल तर लेबलवरचा प्रतीक्षा काळ संपल्याशिवाय काढू नका. महिन्याभराच्या पिकाला रासायनिक फवारा न देणेच बरे.

मुसळधार पावसात माठ कुजतो. जून ते सप्टेंबर मांडवावर कारली, शिराळी, पडवळ घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण तारा कारली आणि कोकण हरिता शिराळी याच हवामानासाठी आहेत. भात कापल्यावर ओलाव्यावर वाल किंवा चवळी, आणि पाणी असेल तिथे माठ-मुळा.

खरी अडचण वेगळीच आहे. भात निघाले की गुरे मोकाट सुटतात, वर माकडे आणि रानडुकरे. एकट्याने राखण परवडत नाही. चार-पाच घरांनी लागून वाफे घेऊन एकच कुंपण केले तर खर्च वाटला जातो, आणि एकाच फेरीत सगळ्यांचा माल चिपळूणला जातो. कृषी सहाय्यकांनी प्रात्यक्षिक द्यायचे तर एकेका शेतकऱ्याला बियाण्याची पाकिटे वाटण्यापेक्षा अशा एका कुंपणापासून सुरुवात करावी. बैठक ऑक्टोबर संपायच्या आत घ्या, कारण कापणीनंतर पंधरा दिवसांतच वालाची ओल निघून जाते.