ऑइल थोडे जास्त पडले तर?

गाडीत ऑइल कमी असू नये हे आता घरोघरी ठाऊक आहे. जास्त असल्यास काय होते, याबद्दल मात्र दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, "जास्त आहे ना, मग चांगलेच, इंजिन तेलात पोहू दे." कोणी म्हणतो, "खुणेच्या वर गेले की इंजिन गेले." आमच्या मते दोन्ही मते चूक आहेत. किती जास्त, यावरच सारे अवलंबून आहे, आणि ते किती हे घरच्या घरी मोजता येते.

आधी इंजिनाच्या आत काय चालते ते पाहू. ऑइल सर्वांत खाली चेंबरमध्ये साठते. त्याच्या थोडे वर क्रँक फिरत असतो. गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की मिनिटाला तीन हजार फेरे, म्हणजे सेकंदाला ५० फेरे. ऑइलची पातळी क्रँकच्या खाली राहावी, असा हिशेब करूनच कंपनीने डिपस्टिकवर वरची खूण केलेली असते आणि त्यातही थोडी मोकळीक ठेवलेली असते. म्हणून पट्टीवर दोन-तीन मिलिमीटर वर दिसले तर घाबरण्याचे कारण नाही.

पण पातळी बरीच वाढली की क्रँक ऑइलमध्ये आपटू लागतो. रवीने ताक घुसळावे तसे ऑइल घुसळले जाते आणि त्याचा फेस होतो. फेस म्हणजे हवा. पंपाने ऑइलऐवजी फेस ओढला की दाब पडतो आणि बेअरिंगला हवी ती चिकट फिल्म मिळत नाही. म्हणजे ऑइल भरपूर असूनही इंजिन कोरडे चालते. ऑइल कमी असताना जी लाल बत्ती लागते, ती ऑइल फार जास्त असतानाही लुकलुकू शकते, ती याच कारणाने. घाटातल्या चढावर चेंबरमधले ऑइल एका बाजूला जमते, तेव्हा हा त्रास लवकर होतो.

दुसरा त्रास वाफेच्या नळीचा. इंजिनातली वाफ एका नळीने परत हवेच्या वाटेत सोडलेली असते. ऑइल जास्त असले की वाफेबरोबर त्याचे थेंबही जातात, जळतात, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, प्लग काळे पडतात आणि धूर साफ करणारा कन्व्हर्टर हळूहळू खराब होतो. जुन्या गाडीत सीलमधून गळतीही सुरू होते. डिझेल गाडीवाल्यांनी अधिक जपावे. डिझेल इंजिन हवेच्या वाटेने आलेले ऑइलच इंधन म्हणून जाळू लागले, तर चावी बंद केली तरी ते थांबत नाही. असे क्वचित होते, पण झाले तर इंजिन हातचे जाते.

आता मोजमाप. बहुतेक मोटारींत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो, काही लहान गाड्यांत त्याहून कमी. समजा दोन खुणांमध्ये २० मिलिमीटर अंतर आहे आणि फरक एक लिटरचा आहे, तर ५ मिलिमीटर वर म्हणजे पाव लिटर जास्त. तीन-चार लिटरच्या इंजिनात पाव लिटरपर्यंत जास्त असेल तर सहसा काही बिघडत नाही. पुढच्या सर्व्हिसपर्यंत लक्ष ठेवावे, इतकेच. अर्धा लिटर जास्त असेल तर काढून घ्यावे, लांबच्या प्रवासाला तसेच निघू नये. एक लिटर जास्त असेल तर गाडी चालवूच नये, मिस्त्रींना घरी बोलवावे. गाडीच्या पुस्तकात वेगळे लिहिले असेल तर पुस्तकाचे ऐकावे.

दुचाकीला हा हिशेब लावू नका. स्कूटरमध्ये सारे ऑइलच पाऊण लिटरच्या आसपास असते. तिथे १०० मिली म्हणजे सात-आठ भागांतला एक भाग झाला. शिवाय अनेक मोटरसायकलींत पट्टी नुसती आत टेकवून बघायची असते, आटे फिरवून घट्ट करायची नसते. घट्ट करून पाहिली तर पातळी जास्त दिसते.

ऑइल जास्त पडते कसे? पहिले कारण डब्याचे. इंजिनाला तीन लिटर लागते, डबा साडेतीनचा असतो आणि गिऱ्हाइकाने पैसे पूर्ण दिले म्हणून पूर्ण डबा ओतला जातो. यात मिस्त्रींची नियत वाईट नसते. उलट गिऱ्हाइकाची अमानत गिऱ्हाइकाच्या गाडीत गेली, असेच त्यांना वाटते. दुसरे कारण, फिल्टर बदलायचा नाही, पण ऑइल मात्र फिल्टरसकटच्या मापाने भरायचे. तिसरे कारण घरचे. गाडी लांबून येते, इंजिन बंद केल्या केल्या पट्टी पाहिली जाते. ऑइल अजून वरच्या भागात असते, पट्टीवर कमी दिसते आणि आपण वरून ओततो.

म्हणून पट्टी नीट पाहावी. गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन गरम करून बंद करा आणि पाच-दहा मिनिटे थांबा. पट्टी काढून कापडाने पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा आणि दोन्ही बाजू पाहा. दोन खुणांच्या मध्ये कुठेही असेल तर ठीक. वरच्या खुणेपर्यंत भरलेच पाहिजे असे नाही.

एक गोष्ट मात्र थोडकी समजू नये. कोणी काही ओतले नाही, तरी पातळी आपोआप वाढत असेल तर ऑइलमध्ये दुसरे काही मिसळते आहे. दुधी रंगाचे दिसले तर कूलंटचे पाणी. पातळ झाले आणि वास आला तर पेट्रोल किंवा डिझेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या रोज दोन-चार किलोमीटरच चालल्या तर फिल्टर साफ करण्यासाठी जादा सोडलेले डिझेल ऑइलमध्ये उतरू शकते. तिथे वरचे ऑइल काढून भागत नाही, ऑइल बदलावे लागते आणि कारण शोधावे लागते.

जास्तीचे ऑइल काढणे अवघड नाही. गॅरेजमध्ये पट्टीच्या नळीतून बारीक पाइप घालून पिचकारीने ओढतात किंवा चेंबरचा नट ढिला करून थोडे सोडतात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, आणि तापलेले ऑइल हात भाजते हेही मुलांना सांगावे. काढलेले ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, गॅरेजलाच द्या.

पुढच्या वेळी सर्व्हिसला गेलात की पुस्तकातला आकडा कागदावर लिहून न्या आणि अदबीने सांगा, "उस्ताद, एवढेच भरा, उरलेले डब्यात राहू द्या." उरलेला डबा झाकण घट्ट लावून डिकीत ठेवा. तीन-चार महिन्यांनी पट्टी खाली गेली की तेच ऑइल कामाला येईल. गाडीवर ज्या घराची रोजी चालते, तिथे तर निघण्याआधी दर आठवड्याला ही पट्टी पाहावी. इंजिनाचे काम निघाले तर हजारोंचा खर्च येतो आणि गाडी उभी राहते ते दिवस वेगळे.