घाट उतरायचा तर स्टड आणि डिस्कमध्ये जुगाड नको



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितोय. पण हे शेतीबाहेरचं समजू नका. पोफळी सोडली की कुंभार्ली घाट. आपला नारळ, आंबा वर कराडकडे जातो आणि येताना गाडी भाजी, पेंड, कडबा भरून उतरते. तेव्हा सगळा ताण ब्रेकवर, आणि चाकाला हबवर धरून ठेवतात ते फक्त चार-पाच स्टड. आपण रोहिणीत कौलं शाकारतो, पंपाचा वॉशर बदलतो, पण चाक पंक्चर झाल्याशिवाय खोलत नाही. ही सवय मोडली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी स्टड. पान्यावर उभं राहून नट आवळणं म्हणजे मजबुती नव्हे. लहान गाडीचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचा असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. १०० म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलो वजन. अर्ध्या मीटरच्या पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर साडेतीनपट होतं. त्यानं स्टड ताणला जातो, आटे जातात आणि पुढं कधीतरी भरल्या गाडीत तो तुटतो. हवेच्या गनचंही तेच. गननं सोडवू दे, पण शेवटचं आवळणं हातानं करून घ्या, शक्यतो टॉर्क पान्यानं. आट्यांना तेल-ग्रीस फासू नका, तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो.

एक स्टड तुटला तरी "बाकीचे आहेत ना" म्हणून गाडी चालवतात. तुटलेल्याचा भार शेजारच्या दोघांवर येतो, मग त्यांचा नंबर. आणि वेल्डिंग तर नकोच. स्टड कडक केलेल्या पोलादाचा असतो, उष्णतेनं त्याचा कस जातो. खरं काम अवघड नाही. स्टड हबमध्ये मागून दाबून बसवलेला असतो, त्याला बारीक दाते असतात. जुना मागे काढायचा, नवा मागून घालून पुढून वॉशर-नट लावून पूर्ण बसेपर्यंत ओढून घ्यायचा, किंवा प्रेसवर दाबून घ्यायचा. घणाचे घाव घातले तर बेअरिंग जातं.

आता डिस्क. आपल्याकडं पावसात गाडी चार दिवस उभी राहिली तरी डिस्क तांबूस होते. तो वरचा गंज दोन-चार ब्रेकमध्ये जातो, त्याची भीती नाही. पण खोल खड्डे, कडेला उभा राहिलेला काठ, ब्रेक दाबताना पेडल थरथरणं ही लक्षणं. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेली की बदलायचीच, कारण पातळ डिस्क लवकर तापते.

बदलताना मेकॅनिकजवळ उभे राहा आणि एवढं बघा:

१. डिस्क एकाच बाजूची नको, त्या धुरीवरच्या दोन्ही, आणि पॅड नवे. नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

२. कॅलिपर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं बांधायचा.

३. डिस्क गंजून चिकटली असेल तर बऱ्याच डिस्कना आट्यांची दोन भोकं असतात. त्यात बोल्ट आवळले की ती सरळ सुटते.

४. नवी बसवण्याआधी हबचा गंज तारेच्या ब्रशनं घासायचा. खाली खपली राहिली तर नवी डिस्कही वाकडी फिरते. डिस्कवरचं तेल पुसायचं.

५. नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. ५०-१०० किलोमीटरनंतर परत तपासायचे.

६. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं. पहिला ब्रेक रिकामा जातो. पहिले काही दिवस घाटात भरलेली गाडी नको.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात कितीतरी गाड्या बुडाल्या. डिस्क घासून चकचकीत करता येते, बेअरिंगमधला चिखल दिसत नाही. चाक उचलून फिरवा, आवाज ऐका.

खर्चाचं म्हणाल तर तोही खरा आहे. हंगामाच्या तोंडावर खत आणि मजुरीलाच पैसे पुरत नाहीत, मग डिस्क पुढं ढकलली जाते. पण स्टड तर आंब्याच्या एका पेटीपेक्षा स्वस्त आहे. आणि डिस्क परवडत नसेल तोवर निदान भार कमी भरा आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रलमध्ये नको. त्या गाडीत आपल्या मालाबरोबर मागं बसलेले गडी असतात आणि समोरून एसटी येत असते. डिझेल वाचवायला त्यांचा जीव पणाला लावायचा आपल्याला अधिकार नाही.

मृगाच्या आधी चारही चाकं एकदा खोला. अर्ध्या दिवसाचं काम आहे.