पंगतीतून उठणाऱ्याला हसू नका
उचगावच्या मळेकरणी देवीच्या नावाने उठणाऱ्या मटणाच्या पंगती सीमाभागात नावाजलेल्या. त्यातून कोणी अर्ध्यावर उठला, तर त्याला हसू नये; त्याला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा आतड्यांचा विकार असू शकतो. तपासण्या चांगल्या येतात, तरी पोटातली कळ, गॅस, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ, हे सारे खरेच असते. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाने मांडलेल्या आहारात कांदा, लसूण, गहू असे पदार्थ २ ते ६ आठवडे थांबवून मग एकेक खाऊन पाहतात. आपला भात त्यात बसतो, कांदा-लसणाचा रस्सा नाही. भरपूर पाण्यासोबत इसबगोल, रोजचे चालणे, पुरेशी झोप यांनीही अनेकांना उतार पडतो. मात्र शौचातून रक्त गेले किंवा वजन घटू लागले, तर काढ्यांवर दिवस घालवू नयेत. थेट डॉक्टर गाठावा.