उसन्या शस्त्रांचा हिशेब

"कोलंबियाचें उदाहरण घ्या," असें सांगण्याची खोड अलीकडे राजकारणावर लिहिणाऱ्या पुष्कळांस जडली आहे. मादक पदार्थांच्या पैशावर पोसलेलें बंड कोठें उभें राहिलें, कीं हे पंडित 'प्लॅन कोलंबिया'कडे बोट दाखवितात, आणि परकी शस्त्रें व परकी पैसा मिळाला म्हणजे बंड मोडतें, असा निकाल देऊन मोकळे होतात. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं.

प्रतिपक्षाचें जेवढें खरें, तेवढें प्रथम कबूल करूं. २००० सालीं क्लिंटन यांच्या अमदानींत अमेरिकेनें सुमारें १३० कोटी डॉलर मंजूर केले. त्यांतला बहुतेक भाग लष्कर व पोलीस यांच्यासाठीं, विशेषतः हेलिकॉप्टरांसाठीं होता. १९६४ पासून लढणारी 'फार्क' ही बंडखोर सेना कोकाच्या व्यापारावर कर बसवून पोसली जात होती. तिचें बळ पुढें खचलें, आणि २०१६ सालीं ती तहास आली. कित्येक टीकाकार या मदतीस तैनाती फौजेची उपमा देतील, तीही आम्हांस पटत नाहीं. वसईच्या तहानें बाजीरावास फौजेपायीं मुलूख तोडून द्यावा लागला. कोलंबियानें मुलूख दिला नाहीं. उलट उरिबे यांच्या सरकारनें २००२ सालीं धनिकांवर खास कर बसविला, आणि युद्धाचा बराचसा खर्च देशानेंच सोसला. मग विजयाचें श्रेय हेलिकॉप्टरांस किती व या करास किती, हें आमचे पंडित कधीं विचारतात काय?

शिवाय मदत मिळाली ती ज्या कामाच्या नांवानें, तें काम कोकाची शेती सहा वर्षांत निम्म्यावर आणण्याचें होतें. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणें २००० सालीं ती सुमारें १,६३,००० हेक्टर होती. २०१३ पर्यंत ती ४८,००० वर आली खरी. पण तेव्हां शेजारचा पेरू पुढें सरकला होता, आणि २०२३ सालीं कोलंबियांतलाच आंकडा २,५३,००० वर गेला! मध्यंतरीं विमानांतून शेतांवर विष फवारून झालें. इक्वेडोरनें त्याबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दावा लावला, आणि २०१३ सालीं कोलंबियास दीड कोटी डॉलर देऊन तो मिटवावा लागला.

परंतु हा तोटा पैशाचा व पिकाचा झाला. युद्ध जिंकलें जात आहे हें दाखविण्यास आंकडे लागतात, आणि कोलंबियाच्या सैन्यांत अधिकाऱ्यांचें कर्तृत्व प्रेतांवर मोजलें जाऊं लागलें. २००५ सालीं संरक्षण खात्यानें बंडखोरांस मारण्या-पकडण्याबद्दल बक्षिसें ठरवून दिलीं. बंडखोर न सांपडले तर काय करावयाचें? राजधानीलगतच्या सोआचा गांवचे गरीब तरुण नोकरीच्या आमिषानें दूर नेण्यांत आले, आणि 'लढाईंत पडलेले बंडखोर' म्हणून पुरलेलीं त्यांचीं प्रेतें २००८ सालीं ओकान्या भागांत सांपडलीं. तहानंतर नेमलेल्या विशेष न्यायमंडळानें २०२१ सालीं जाहीर केलें कीं, २००२ ते २००८ या काळांत निदान ६,४०२ माणसें अशा रीतीनें मारलीं गेलीं.

या सर्व काळांत मदतीचा ओघ चालू होता. अत्याचारी पथकांस मदत देऊं नये, अशी अट अमेरिकेच्या कायद्यांत १९९७ पासून असूनही तो थांबला नाहीं. अमेरिकेनें हे खून करविले असें आम्ही म्हणत नाहीं. पण जो पैसा देतो आणि फळ मागतो, त्यानें वहींत कोणाचीं नांवें चढतात हें पाहावयाचें नाहीं काय? आणि बंडखोरांची थैली तरी कोण भरीत होतें? कोकेनची मोठी पेठ खुद्द त्या दात्याच्याच देशांत! एका हातानें सरकारास बंदूक द्यावी आणि दुसऱ्या हातानें तिच्या शत्रूस दाम मोजावे, या व्यवहारास 'साहाय्य' म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

कोलंबियाचा कित्ता गिरवा म्हणणाऱ्यांनीं सोआचाच्या मातांस आधीं उत्तर द्यावें. २०१९ सालीं बोगोटांतल्या एका भिंतीवर सेनाधिकाऱ्यांचे चेहरे काढून 'हुकूम कोणी दिला?' एवढाच प्रश्न लिहिण्यांत आला. त्या भिंतीवर पांढरा रंग फासण्यांत आला.